तीन नंबरचा मीटर

२ जानेवारी, शुक्रवार

नव्या सालाची म्हणून कंपनीनं प्रत्येकाला एक डायरी दिली. कोल्ड रूममध्ये दुधाचे क्रेट उचलणाऱ्या माणसाला डायरी! आमच्यातल्या एकानं तिथंच दोन पानं फाडून शेंगदाणे बांधले. मला हातमोजे पाहिजे होते. जुन्यांची दोन बोटं फाटलीत. सुपरवायझरला तीनदा सांगितलं, तो म्हणतो, आले की देतो.

आणलीच आहे तर लिहू म्हटलं. नववीत शाळा सुटल्यापासून सही सोडून काही लिहिलेलं नाही. मी मानसिंग. गाव नरसिंहपूर, इंदापूर तालुक्याचं पार शेवटचं टोक. कामाला हितं बारामती एमआयडीसीत, राहायला जळोचीत, आबासाहेबांच्या सहा खोल्यांच्या चाळीत चार नंबरला. सोबत सुयोग, माझा सुया. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. तो शिकत राहिला, आता इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी ऊस तोडायच्या मशीनवर हेल्पर म्हणून पळालो, ते अजून पळतोच आहे. हॉटेल झालं, गॅरेज झालं, वीटभट्टी झाली. हितं सात महिने झाले आणि पाय परत खाजायला लागलेत. चाकणला एक ओळखीचा आहे, ये म्हणतोय.

५ जानेवारी, सोमवार

डोकं फिरलंय. सुयानं कॉलेजात प्रोजेक्ट घेतलाय. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत रोजची वीज कशी वाचवायची. चाळीस दिवस आमच्या सहाही खोल्यांचे मीटर रोज वाचायचे आणि युनिट कमी करून दाखवायचे. चाळीत मी सोडून सगळी कॉलेजची पोरं. काल सगळ्यांना व्हरांड्यात बसवून भाषण दिलं. टेबल खिडकीपाशी सरकवा. चार्जर भिंतीत लोंबता ठेवू नका. ट्यूबवरची धूळ पुसा. इस्त्री आठवड्याला एकदाच, सगळ्यांची एकदम. संध्याकाळी अभ्यास एकाच खोलीत, एका दिव्याखाली, रोज एकेका खोलीचा नंबर.

इथवर ठीक. मग म्हणाला, "सगळ्यात मोठा चोर हा." आणि आमच्याच खोलीतला पाणी तापवायचा रॉड वर उचलून दाखवला. "हा एक तास चालला की त्यात नऊ वॉटचा दिवा एकशे साठ तास जळतो."

मी म्हटलं, "दिव्यानं बोटं गरम होत्यात का रं?"

सगळी हसली. सुया पण हसला. पोत्यात सगळ्यांचे रॉड गोळा केले, सहा भरले, आणि पोतं घरमालकीण सिंधुमावशींकडं ठेवायला दिलं. आबा तर खूश. त्यांचा आधीपासून नियमच आहे, खोलीत विजेची शेगडी सापडली की खोली खाली.

वर मीटर वाचायचं काम माझ्या गळ्यात. "तू एकटाच सव्वासहाला उठलेला असतोस, मान्या." म्हणजे त्याचा प्रोजेक्ट, झोप मोडणार माझी. मीटर सगळे जिन्याखाली एका फळीवर आहेत, प्रत्येकाखाली एक खटका. नंबर बघून वहीत उतरवायचा. ते तरी येतं मला.

७ जानेवारी, बुधवार

कोल्ड रूममध्ये चार डिग्री असतं. तीन वाजता सुटतो तेव्हा गाडीचा क्लच दाबलाय का नाही ते बोटांना कळत नाही. साडेतीनला खोलीवर आलो. नळाचं पाणी बर्फ. अर्धा तास हात काखेत घालून बसलो.

सुया पाच वाजता आला आणि पहिलं काय विचारलं? "सकाळचे आकडे नीट उतरवलेस ना?"

व्हय म्हटलं. कॉलेजच्या पोरापुढं काय रडायचं.

८ जानेवारी, गुरुवार

सुटल्यावर बाजारात जाऊन नवा रॉड घेतला. आमच्या खोलीत लावला तर आमचाच मीटर पळणार आणि सुया बोंबलणार. पण बाथरूमबाहेर बोळात एक प्लग आहे, कधीतरी वॉशिंग मशीन ठेवायचं म्हणून आबांच्या पोरानं बसवलेला. तो आबांच्या घरच्या लायनीवरच असणार. आबांना काय कमी आहे? दोन बादल्या कडक पाणी घेतलं. पहिली बादली नुसती हातांना. बोटं आधी झोंबतात, मग दुखतात, मग आपली वाटतात. साडेचारला रॉड पुसून गादीखाली ठेवला. चार वाजता चाळीत कुणी नसतं, पोरं पाचनंतर येतात. कुणाच्या बापाला कळणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज एक मजा दिसली. सगळ्या खोल्या खाली यायला लागल्यात. आमची चार नंबर तर रोज पाऊण युनिटवर आली. आणि तीन नंबर वर चाललाय! आधी एक-सव्वा असायचा, आता दोनच्या वर. तीनमध्ये समर्थ राहतो, पहिल्या वर्षाचं पोरगं, इंदापूरजवळच्या वडापुरीचं. त्याचा जोडीदार महिनाभर ट्रेनिंगला गेलाय, म्हणजे एकटाच. एकटं पोरगं दोन युनिट खातंय कसं? बोलायला गरीब, "दादा, दादा" करत असतं. शिकलेली असलीच. तोंडावर व्हय व्हय आणि दार लावून आपलं चालू. मी आपला पहाटे उठून यांचे आकडे लिहितोय.

सुयाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू अजून दोन दिवस."

त्याचं दुसरंच खूळ चालू आहे. गच्चीवर पाण्याचा मोठा कॅन काळा रंगवून उन्हात ठेवलाय, खाली पत्रा, बाजूनं काच. सगळ्यांना दम दिलाय, चार वाजायच्या आत त्याला कुणी हात लावायचा नाही. मला म्हणाला, "चारला जाऊन बघ बरं का गच्चीवर." मी कशाला जाऊ? क्रेट उचलून आल्यावर वर दोन जिने चढून याचा प्रयोग बघू? आणि चारला असतंय कोण चाळीत पाणी घ्यायला? पोरं येईपर्यंत ते परत गार. एवढं शिकून अक्कल नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सिंधुमावशींनी सगळ्यांना तिळाचे लाडू दिले. अभ्यासाला आज पाच नंबरची खोली होती. मी दारात उभा होतो, पोरांनी समर्थला घेतलं होतं मध्ये.

"या, पॉवरहाऊस या!"

"लेका, शेगडीवर काय शिजवतो? आम्हाला पण बोलव की."

"काय न्हाय ओ," समर्थ म्हणाला, "माझ्याकडं शेगडी हाय कुठं?"

मी म्हटलं, "परवा मॅगीचा वास आला होता मला तुझ्या दारातनं."

खरं तर वास कुठनं आला होता कोण जाणे. पण बोललो. सगळी हसली. सुया हसला नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मला वायरिंगमध्ये काहीतरी गडबड वाटतीय. रविवारी तपासतो."

१९ जानेवारी, सोमवार

शनिवारची सुट्टी टाकून शुक्रवारी ड्युटीवरनं थेट गावाला गेलो होतो, काल रात्री आलो. आईनं विचारलं, सुयोग बरा आहे का. मी बरा आहे का ते नंतर विचारलं.

आल्यावर वही बघितली. माझ्या माघारी सुयानं आकडे लिहिले होते. शनिवार-रविवार तीन नंबर एकदम शहाणा, एक युनिट, एक युनिट. रविवारी सुया तीन तास मीटरपाशी बसला होता, तीनमधली एकेक वस्तू लावून बघितली, वायर बघितली. सगळं बरोबर. मग आज? आज माझ्या हातानं लिहिलं तेव्हाही एकच. म्हणजे मी नसलो की पोरगं नीट वागतं. मलाच खिजवतंय. माझ्यासारखा अडाणी मीटर वाचतो म्हणून फिकीर नाही.

आबांना कुणीतरी हे सगळं सांगितलंय. कुणीतरी म्हणजे मीच.

२० जानेवारी, मंगळवार

परत दोनच्या वर. मी गावावरनं आलो आणि लगेच चढला. बघा.

२२ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी आबांनी समर्थच्या खोलीची झडती घेतली. आबा खुर्ची टाकून दारात बसले, मला म्हणाले, "मानसिंग, कॉटखाली बघ." बघितलं. भडंगाचा डबा, एक बंद पडलेली इस्त्री, आईनं दिलेली गोधडी. शेगडी नाही.

"लपवली असंल कॉलेजात न्हेऊन," आबा म्हणाले.

समर्थचं तोंड एवढंसं झालं होतं. माझ्याकडं वळून म्हणाला, "दादा, तुमीच रोज मीटर बघता. तुमीच सांगा की, माझ्या खोलीत काय चालतं?"

सगळी पोरं बघत होती. मी म्हटलं, "मीटर खोटं बोलतंय व्हय? चोरून वापरायचं आणि वर तोंड करून विचारायचं."

सुया मध्ये पडला. "आबा, पुरावा नाही काही. वायर परत बघू—"

"वायरिंग माझ्या पोरानं केलंय," आबा म्हणाले. "तीन तास बसला होता न्हवं तू? सापडलं काय? रविवारपर्यंत खोली खाली. आणि उद्यापास्नं दिवसा तीनचा खटका बंद. पोरगं कॉलेजला गेलं की आमच्या हिनं पाडायचा, पाचला मानसिंगनं वर करायचा."

बरं झालं म्हटलं. एकदाचा निकाल लागला. पण सुया जेवला नाही. त्याला एवढं काय? त्याचे आकडे बिघडवले त्या पोरानं, आणि हाच त्याच्या बाजूनं.

२३ जानेवारी, शुक्रवार

कसं लिहू.

चारला बोळात रॉड लावला. बनियन-टॉवेल घेऊन पंधरा मिनिटांनी आलो, बादली गारच. वाटलं रॉड जळाला. नवा रॉड पंधरा दिवसांत! दुकानदाराला शिव्या घातल्या. खोलीत नेऊन दुसऱ्या बादलीत लावला, दोन मिनिटांत गूं आवाज यायला लागला. म्हणजे रॉड चांगला. मग बोळातला प्लग गेला म्हणावं तर आबांच्या घरात टीव्ही चालू.

तेवढ्यात तो खटका आठवला.

जिन्याखाली गेलो. तीन नंबरचा खटका खाली पडलेला. वर केला. बोळात जाऊन रॉड लावला, परत आलो. तीन नंबरच्या मीटरवरचा लाल दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. समर्थच्या दाराला कुलूप.

जिन्यावर बसलो. पाणी उकळायला लागलं तेव्हा उठलो. हात नाही धुतले.

रविवारी मीटर का गप्प होता ते कळलं. मी गावाला होतो. सोमवारी का गप्प होता तेही कळलं. सोमवारी सकाळचा आकडा म्हणजे रविवारचा खर्च. मी रोज पहाटे माझंच पाप वहीत उतरवत होतो आणि त्याच्या नावावर लिहीत होतो.

खटका परत खाली पाडून ठेवला. पाचला सगळ्यांसमोर वर केला.

रॉड आजपासून बंद. पण आता बंद केला तर सगळी म्हणणार, दम दिला आणि पोरगं सुधारलं. आणि चालू ठेवावा तर? दोन्हीकडनं तोच चोर. सुयाला सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "थांब, मोजतोय." मग राहिलं ते राहिलंच.

२४ जानेवारी, शनिवार

समर्थ आजच गेला. रविवारी सगळी घरात असतात, त्यांच्यासमोर नको म्हणाला. मी ड्युटीवरनं आलो तर दारात पेटी आणि गोधडी घेऊन उभा.

"दादा, स्टँडपर्यंत सोडता का?"

पेटी पुढं टाकीवर घेतली, तो मागं बसला. म्हणाला, आता घरनं ये-जा करणार, दोन एसट्या बदलून, सकाळी पाचला निघायचं. जमलं तर जमलं. वडील म्हणालेत, नाही जमलं तर डाळिंबाकडं बघ.

गाडीवर तोंड दिसत नाही, तेव्हा बोलायचं सोपं असतं. कसब्यापर्यंत मनात शब्द जुळवले. मग सिग्नल लागला, मग स्टँड आलं.

उतरल्यावर तो म्हणाला, "दादा, तुमी परवा बोलला त्याचा राग न्हाय मला. तुमी जे दिसलं ते बोलला. बाकीच्यांनी तर सकाळी दार पण उघडलं न्हाय. तुमी एकटेच आला सोडायला."

इंदापूरची गाडी लागली होती. मी त्याची पेटी टपावर चढवून दिली. चांगली घट्ट बांधली.

२६ जानेवारी, सोमवार

कंपनीत झेंडावंदन. लाडू. हातमोजे आले नाहीत.

तीन नंबर आज सकाळी शून्य. पोरं म्हणाली, "बघा, चोर गेला, युनिट गेलं." सुयाच्या आकड्यांना आता कुठं बरे दिवस आले. फेब्रुवारीत त्याच्या प्रोजेक्टच्या निकितामॅडम येणार चाळ बघायला. मी गप्प बसलो तर सगळं नीट चाललंय. चाकणला फोन केला. तो म्हणाला, एक तारखेला ये, जागा आहे. बरं वाटलं. मग नाही वाटलं.

२८ जानेवारी, बुधवार

सांगितलं. सुया आकड्यांचा कागद आखत बसला होता. फूटपट्टीनं रेघ ओढत होता, मी म्हटलं, "तीन नंबर मी पळवला." त्यानं रेघ पुरी केली. मग वर बघितलं.

"म्हणजे?"

रॉड काढून दाखवला. बोळातला प्लग सांगितला. तो उठला, बोळात गेला, मीटरपाशी गेला, परत आला.

"कधीपास्नं?"

"आठ तारखेपास्नं."

"तुला कळलं कधी?"

"शुक्रवारी."

"शनिवारी त्याची पेटी तू न्हेलीस."

"व्हय."

मला वाटलं मारणार. लहानपणी नदीवर त्यानं मला एकदा धरून मारलं होतं, तसं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं वही घेतली, तीन नंबरच्या आकड्यांवर एकेक करून तांबडी फुली मारली. मी म्हटलं, "तुझ्या प्रोजेक्टचं वाटोळं केलं मी. मॅडमला सांग, दुसऱ्यानं केलं."

"प्रोजेक्ट घाल चुलीत," तो म्हणाला. "माझ्यासमोर त्याला चोर म्हणालास तू, मान्या. आणि बोटांचं? एकदा तरी बोललास मला?"

"तू विचारलंस का?"

"चार वाजता या चाळीत कोण असतं रे?"

हा काय प्रश्न आहे? चारला तर मीच असतो. तसंच म्हटलं त्याला. त्यानं दिवा मालवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. साडेआठ वाजले होते फक्त.

३१ जानेवारी, शनिवार

तीन दिवस एक शब्द नाही. ताट वाढून ठेवतो, बोलत नाही. मी पाणी तापवत नाही, तोही गच्चीवर जात नाही. उद्या एक तारीख. चाकणवाल्याला सांगितलं, चार दिवस थांब.

१ फेब्रुवारी, रविवार

वडापुरीला जाऊन आलो. सकाळी लवकरच निघालो, कारण उशीर केला असता तर गेलो नसतो. समर्थचे वडील दत्तोबा डाळिंबाच्या फांद्या बांधत होते. मी नाव सांगितलं.

"तुमी ते मीटर बघणारं व्हय?" म्हणाले आणि सुतळी खाली ठेवली.

समर्थला हाक मारली. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, मध्ये मध्ये "म्हणजे" फार वेळा म्हणालो. समर्थ आधी हसला. खरंच हसला. "दादा, मी तुमच्या त्या मीटरपायी लॅपटॉप लावायचा सोडला होता. दिवा सुदीक. मोबाईलच्या उजेडात वाचत हुतो." मग त्याचं हसू बसलं आणि तो झाडांमागं निघून गेला.

दत्तोबा म्हणाले, "चहा घ्या."

मी म्हटलं, "नको तात्या."

"घ्या. चहा घेतल्यानं माफ झालं असं न्हाय." चहा झाल्यावर म्हणाले, "माझ्या पोराला चोर म्हणालासा ते सगळ्यांच्या देखत ना?"

"व्हय."

"मग हितं माझ्या बांधावर येऊन काय उपेग? जिथं म्हणालासा तिथं बोला. त्याच्या देखत. मग तो राहतो का न्हाय त्याचं तो ठरवंल."

आजवर जिथनं निघालो तिथनं न सांगता निघालो. गॅरेजमधनं तर पाना हातात होता तसाच गेलो. परत कुणाच्या दारात जायची ही पहिली वेळ. परत येताना इंदापूरच्या पुढं गाडी पंक्चर झाली तेव्हा जरा बरं वाटलं, निदान शिव्या घालायला काहीतरी मिळालं.

२ फेब्रुवारी, सोमवार

समर्थ सकाळच्या एसटीनं थेट कॉलेजला आला, संध्याकाळी चाळीत. साडेपाचला मी सगळ्या खोल्यांची दारं वाजवली. आबा, सिंधुमावशी, पोरं, सगळी जिन्याखाली मीटरपाशी. सुया मागं कठड्याला टेकून.

मी रॉड हातात धरला आणि म्हटलं, "ह्यो माझा. तीन नंबरवर ह्यो चालत होता. समर्थनं काय केलेलं न्हाय. मॅगीचा वास पण मला आला नव्हता."

पाच नंबरचा पोरगा म्हणाला, "आयला, पॉवरहाऊस तर चारमध्ये हाय." कुणी हसलं नाही. समर्थ मात्र जरा हसला.

सिंधुमावशी म्हणाल्या, "मेल्या, रोज माझा बंब पेटतोय मागं. दोन तांबे मागितले असतेस तर मी न्हाय म्हणाले असते?"

मी रॉड त्यांच्याकडं दिला, पोत्यात टाकायला.

आबा उठले. "समर्थ, बाळा, तुझं सामान आण. चूक झाली माझी." मग माझ्याकडं वळले. "नियम सगळ्यांला एकच. शेगडी काय अन् रॉड काय. शुक्रवारपातुर तू चार नंबर सोडायची."

बरोबर आहे त्यांचं. चाकणला फोन लावला, सांगितलं, शनिवारी येतो. एकदाचं सुटलो. सुयाला दुसरा कुणीतरी जोडीदार मिळेल, शिकलेला, गार पाण्यानं अंघोळ करणारा.

४ फेब्रुवारी, बुधवार

हा काय प्रकार आहे? ड्युटीवरनं आलो तर सुया पुस्तकं पोत्यात भरतोय. कॉलेजला गेलाच नव्हता. मी विचारलं, "तू कुठं निघाला?" उत्तर नाही. भिंतीवरचा तक्ता काढला, गुंडाळला. "अरे, तुला कोण घालवतंय? मी चाललोय." उत्तर नाही. असा राग आला, त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. त्यानं दुसरं उचललं.

कालच सामान घेऊन परत आलेला समर्थ दारात उभा होता. तो म्हणाला, "आबांना सांगितलं त्यांनी, खोली दोघांची हाय. एकटा मानसिंग जाणार न्हाय."

"मग राहणार कुठं?"

"घरनं ये-जा करणार म्हणत्यात. नरसिंहपूरवरनं."

नरसिंहपूरवरनं! समर्थला वडापुरीवरनं दोन एसट्या होत होत्या. याला पहाटे चारला उठावं लागेल. शेवटचं वर्ष. मॅडमनी आकडे परत पहिल्यापासून घ्यायला सांगितलेत, तेही याच चाळीत. त्याला कुणी सांगितलं होतं माझ्यासोबत जायला? मी मागितलं होतं का? दुसऱ्याच्या पायात पाय घालायची खोडच आहे त्याला. सहावीत मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं, तर हा पण उठून बाहेर येऊन उभा राहिला होता. काही केलं नव्हतं त्यानं.

मी गेलो तर हा पण जाणार. मी राहिलो तरच हा राहणार. असं कुणी कुणाला बांधतं का?

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोल्ड रूममध्ये दोन क्रेट हातातनं सुटले. सुपरवायझर ओरडला. दिवसभर एकच चालू होतं डोक्यात. आबांना जाऊन काय म्हणायचं? मला ते वाक्य येत नाही. शिव्या येतात, जातो म्हणायला येतं. राहू द्या म्हणायला कधी शिकलोच नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वाचन केलं. सगळे मीटर, सहाच्या सहा. शेवटचं म्हणून जरा सावकाश केलं.

साडेतीनला आलो, तर खोलीत दोन पोती आणि एक बॅग बांधून तयार. सुया बॅगेवर बसलेला. मी हातपाय न धुता तसाच आबांच्या दारात गेलो. आबा ओट्यावर पेपर वाचत होते.

"आबा."

"हं."

"मला राहायचंय हितं."

आबांनी पेपर खाली घेतला. मी पुढं बोललो, कारण थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो. म्हटलं, "नियम मोडला, चूक माझी. खोली काढून घ्या म्हणाला तर ते पण बरोबर. पण मी गेलो तर सुयोग जातोय, आणि त्याचं साल जाईल. त्याच्यासाठी म्हणून सांगत न्हाय. म्हणजे त्याच्यासाठी हायच. पण मला पण राहायचंय. राहू द्या."

आतनं सिंधुमावशींचं भांडं घासायचं थांबलं होतं.

आबांनी माझ्या हाताकडं बघितलं. बोटं अजून निळसर होती. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "ती बोळातली वायर माझ्या पोरानंच चुकीची जोडली की रं. लायसनवाला बोलव म्हणत हुतो, ऐकलं न्हाय." मग उठले. "शिडी हाय मागं. आण. आणि त्या तुझ्या इंजिनेरला बोलव. आजच्या आज ती वायर काढायची."

"म्हणजे राहू?"

"शिडी आण म्हणलं न्हवं?"

शिडी आणली. सुयाला हाक मारली. तो आला, मेन बंद केली, वर चढला. मी खाली शिडी धरून. समर्थ बॅटरी दाखवत होता. वायर काढून, गुंडाळून, सुयानं आबांच्या हातात दिली. माझ्याशी बोलला नाही. स्क्रू माझ्याच हातात देत होता, पण बोलला नाही.

आता नऊ वाजलेत. त्यानं पोती सोडली. पुस्तकं परत फळीवर लावतोय. मी फळीसमोरच कॉटवर बसून हे लिहितोय, त्याला वाकताना माझा गुडघा लागतोय, मला दिसतंय ते. मी मुद्दाम हललो नाही.

शेवटी म्हणाला, "सरक."

नऊ दिवसांनी पहिला शब्द. सरकलो.